गजवाले मेंबर

पुंडलिकशेठ मेंबरला कोणी नवा माणूस भेटला की नमस्कार ते नंतर करतात. आधी त्याला खांद्यापासून घोट्यापर्यंत पाहतात, एक डोळा बारीक करतात अन् सांगतात, "तुमाले सव्वादोन मीटर लागते."

हे ते कोणालाही सांगतात. डॉक्टरला, नव्या जावयाला, निवडणुकीत समोर उभ्या राहिलेल्या माणसाला. मागं एकदा मुंबईहून कोणी मोठे साहेब पाहणीला आले होते. हार झाला, फोटो झाला, साहेबांनी हात पुढे केला. मेंबरनी तो हातात घेतला, साहेबांना वरून खाली पाहिलं अन् सगळ्यांसमोर म्हणाले, "सायेब, शर्टाले अडीच मीटर. पोट धरून."

साहेबांनी गपकन पोट आत घेतलं.

"आता सव्वादोन," मेंबर म्हणाले. "पन असा श्वास धरून किती दिवस काढसान?"

असा हा आमचा नगरसेवक. पक्ष नाही, गाडी नाही, पांढरे बूट नाहीत. हातात एक लोखंडी गज. गज म्हणजे कापड मोजायची पट्टी. आता ती मीटरची झाली, पण शेठ अजून गजच म्हणतात.

आमची गल्ली अकोल्याच्या जुन्या शहरात. पुलाजवळ ती संपते. शेवटची दोन घरं समोरासमोर. एक माझं अन् एक त्यांचं. खाली त्यांचं कापडाचं दुकान, वर ते एकटे राहतात. मी किसन टेलर. शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय म्हणाल तर छाती, कंबर, उंची, एवढीच. माझ्या घरापुढे दगडी ओटा आहे. त्या ओट्यावर माझी बायको सुभद्रा चाळीस वर्षं काज-बटन करत बसली. घरात उजेड नव्हता, ओट्यावर होता. बसून बसून तिच्या जागेचा दगड परातीसारखा गुळगुळीत झाला. मागच्या पोळ्याच्या चार दिवस आधी ती गेली. ओटा राहिला. पुढे या ओट्यापायीच सगळं झालं, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

शेठचा धंदा सायकलवर सुरू झाला. मागं कापडाचे तागे, दांडीला गज बांधलेला. आज पातूर, उद्या बाळापूर, परवा बार्शीटाकळी, जिथं आठवडी बाजार तिथं शेठ. पुढे हे दुकान घेतलं. गज तोच राहिला. दर दसऱ्याला ते पूजा करून त्याला बाजारातल्या नव्या गजाशेजारी ठेवून पाहत. एका वर्षी पाहिलं तर आपला गज दोराभर झिजलेला. दोन दिवस जेवले नाहीत.

मी म्हटलं, "शेठ, दोराभरानं कोनाचा सदरा अडून नाही राहिला."

"गज झिजला तर तो मायावाला झिजला," ते म्हणाले. "गिऱ्हाईकानं काहून झिजावं?"

दुसरा माणूस असता तर नवा गज घेऊन मोकळा झाला असता. शेठनी गज तोच ठेवला अन् तेव्हापासून प्रत्येक मापावर चार बोटं कापड वरून द्यायला लागले. दोन मीटर मागा, दोन मीटर चार बोटं मिळणार. आधी कात्रीनं तोंड लावणार, मग टर्रकन फाडणार अन् म्हणणार, "घ्या. चार बोटं वरून. गज खोटं बोलत नाही, पन म्हातारा झाला."

ती चार बोटं शेवटी येत माझ्याकडे. शिंपी माणूस, काही सांगायचं नाही. शेठला सगळं माहीत. रस्ता ओलांडून येणार अन् विचारणार, "किसन, माये चार बोटं कुठी गेले?" मी इकडे तिकडे पाहायचो. एके दिवशी सुभद्रानं त्या सगळ्या पट्ट्यांची गोधडी शिवली अन् त्यांच्या दुकानातल्या गादीवर नेऊन टाकली. "घ्या दादा. तुमचे चार बोटं तुमालेच वापस. आता रोज विचारजा नोका." शेठनी गोधडीचा एकेक तुकडा ओळखला. हा जठारपेठेतल्या मास्तरणीचा, हा पोलिसाच्या पोराच्या बारशाचा. अर्धा तास गिऱ्हाईक उभं होतं.

दुकानात त्यांचा अजून एक कायदा. कोणाला एखादं कापड आवडलं अन् आज न्यायचं नसलं, तर शेठ त्याच्या कोपऱ्यावर निळ्या खडूनं फुली मारतात अन् वरच्या फळीवर ठेवून देतात. फुली मारली की ते राखून ठेवलेलं. मग देव जरी आला तरी दुसऱ्याला देणं नाही. एका बाईनं पोरीच्या लग्नासाठी जांभळं कापड पाहून ठेवलं होतं. लग्न जमता जमता दोन वर्षं गेली. मधात एका हेडमास्तरांच्या बायकोला तेच पाहिजे झालं. तिनं आवाज चढवला. शेठ म्हणाले, "बाई, फुली हाये." हेडमास्तरीण परत त्या दुकानात आली नाही. जांभळं कापड मात्र लग्नाला गेलं.

लग्नावरून आठवलं. शेठचं लग्न झालं नाही. जमत आलं होतं. माल घ्यायला ते अमरावतीला जात, तेव्हा मला सोबत नेत. तिथल्या ठोक बाजारात त्यांचं नाव 'आगलावे' पडलं होतं. ताग्याचा एक धागा ओढायचा, काडीनं पेटवायचा, राख बोटानं चोळायची, वास घ्यायचा अन् मग सुती की मिलावट ते सांगायचं. त्यांना येताना पाहून व्यापारी ओरडत, "आले रे अकोल्याचे आगलावे, माचिस लपवा!" त्या दिवशी माल घेऊन झाला अन् दुपारी तिथंच पोरगी पाहायला गेलो. हाताला जळक्या धाग्याचा वास. पोरगी पोहे घेऊन आली. शेठनी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. साडीकडे पाहिलं. एक डोळा बारीक केला.

मी खालून पाय मारला. उपयोग नाही.

"ही साडी कोनाच्या दुकानची?" शेठनी पोरीच्या बापाला विचारलं. "साडेपाच मीटर म्हणून देली असन. पाचच हाये."

साडी पोरीच्या मामाच्या दुकानची होती. अन् मामा शेजारीच बसला होता.

परतीच्या एसटीत मी लई बोललो. शेठ खिडकीबाहेर पाहत होते. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाले, "निऱ्या कमी पडून राहिल्या होत्या, किसन. त्या पोरीचा पाय अडकत होता. कोनाच्याच ध्यानात नाही आलं." मग त्यांनी एक चांगली साडी पार्सलनं पाठवली. चिठ्ठीत लिहिलं, 'निऱ्या पुरतील.' पोरीच्या बापानं पार्सल तसंच वापस पाठवलं. ती साडी अजून वरच्या फळीवर आहे. कोपऱ्यावर निळी फुली. कोणी विचारत नाही.

दुकानात घड्याळ नाही. हातातही नाही. "घड्याळ पाहिलं का गिऱ्हाईकाले घाई सुटते," म्हणतात. पण चार वाजले हे त्यांना पक्कं समजायचं, कारण चार वाजता सुभद्रा ओट्यावरून हाक मारायची, "दादा, चहा!" ते गज गल्ल्यावर ठेवायचे अन् रस्ता ओलांडून यायचे. ओट्याच्या टोकाला बसून प्यायचे, कप स्वतः विसळून पालथा ठेवायचे. तेवढ्यात दोघांचं भांडण व्हायचं. अख्ख्या गल्लीत शेठच्या मापाशी भांडणारी ती एकटीच.

"दादा, कालचं अस्तर बोटभर कमी होतं."

"गज खोटं बोलत नाही, सुभद्राबाई."

"गज नाही बोलत, पन गजवाला दुपारी पेंगते त्याचं काय?"

शेठ मुकाट्यानं दुकानात जायचे अन् बोटभर अस्तर फाडून आणून द्यायचे. तिला ते नको असायचं. जिंकायचं असायचं.

आता राजकारणाचं सांगतो. बाजूच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. ठेकेदारानं पाटी लावली, रुंदी इतकी इतकी. शेठ भर रस्त्यात वाकून गजानं रस्ता मोजायला लागले. मागं ऑटो, टमटम, एक बैलगाडी, सगळे बोंबलून राहिले. शेठ मोजून झाले अन् उठले. रस्ता हातभर कमी. ठेकेदाराकडे गेले तर तो म्हणाला, "तुमी कोन?"

"मी कापड दुकानदार."

"मंग कापड मोजा."

शेठ घरी आले. सुभद्रानं चहा दिला. तो थंड होऊन गेला. मग म्हणाले, "किसन, मले उभं राहा लागते." मला वाटलं गुडघे धरले असतील, दिवसभर बसून असतात. त्यांना म्हणायचं होतं निवडणुकीत.

चिन्ह त्यांना गजच पाहिजे होतं. यादीत गज नव्हता. मिळालं शिलाई मशीन. अन् गल्लीत शिलाई मशीन कोणाकडे? माझ्याकडे. आठ दिवस माझी मशीन हातगाडीवर बसून वॉर्डात फिरली. इकडे लग्नसराई, तिकडे ब्लाऊज अडकलेले. बायका माझ्या दारात येऊन मलाच शिव्या देऊन जात.

सुभद्रा पहिल्या दिवशी लई भडकली. "मेंबर तुमी होसान, अन् बोलनं आमी खाऊ काय?" दुसऱ्या दिवशी मशीन नीट हाकतात का पाहायला म्हणून गाडीसोबत गेली. तिसऱ्या दिवशी स्वतःच गाडीवर चढली, मशीनवर बसली अन् पायडल मारत मारत भाषण द्यायला लागली. "या मानसानं कोनालेबी बोटभर कमी देलं असन तर आता सांगा. मी इथंच मशीन उतरवते."

मागून एक म्हातारी बोलली, "वो बाई, मले जास्त देलतं. ते सांगू का?"

शेठ थोडक्या मतांनी निवडून आले. गुलाल उधळला तर त्यांनी आधी स्वतःच्या सदऱ्याची बाही ओली करून पाहिली, रंग जातो की नाही.

महापालिकेच्या पहिल्या सभेला दारावरच्या शिपायानं गज अडवला. म्हणे, हत्यार आत नेता येत नाही. शेठ म्हणाले, "हा माया पेन हाये." आत गेले. कोणी लांबलचक बोलायला लागलं की शेठ गज उभा करतात. "भाऊ, भाषन चार मीटर झालं. काम किती झालं?" ठेकेदारांना तर सवय लागली. गज लांबून चमकला की ते स्वतःच टेप काढून उभे राहतात. गल्लीतल्या बायका नळाला पाणी नाही म्हणून सांगायला जातात, तर शेठ आधी सांगतात, "हा रंग दोन धुण्यात जाईन," अन् मग पाण्याचं पाहतात. पण पाहतात. पाणी येते.

मग सुभद्रा आजारी पडली. एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या छातीला हात लावून वाकली. अँब्युलन्स बोलावली. ती गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, आत येईना. रस्ता अरुंद. आम्ही सुभद्राला हातगाडीवर निजवलं अन् पळत नेलं. हातगाडी तीच, निवडणुकीतली. पुढे मी, मागून शेठ ढकलत. मेंबर झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ते गजाशिवाय गल्लीबाहेर पडले. ती दवाखान्यात दोन दिवस होती. लवकर पोचली असती तर वाचली असती, असं कोणी म्हटलं नाही. मी म्हणतो. मनातल्या मनात रोज म्हणतो.

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं लागते. सुभद्राच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. भाऊ होता, तोही गेलेला. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. तेवढ्यात शेठ समोरून हिरवं लुगडं घेऊन आले. मयतीच्या कापडाला ते गज लावत नाहीत, हातानंच मापतात. लुगडं माझ्या हातात नाही दिलं. बायकांकडे दिलं अन् म्हणाले, "माहेरचं म्हणून लावा."

त्या दिवशी मला समजलं की हा माणूस माझा साळा लागतो.

मग गल्लीच्या रस्त्याचं काम आलं. आलं कशाचं, शेठनीच आणलं. सभेत गज आपटून आपटून आणलं. दोन्हीकडून नाली, मधात अँब्युलन्स सरळ पुलापर्यंत जाईल एवढा रस्ता. कर्मचारी आले, लाल रंगानं रेघा मारून गेले. कोणाची पायरी, कोणाचं न्हाणीघर, कोणाचा टिनाचा पडदा. माझ्या ओट्याला दीड हात रेघ. दीड हात म्हणजे बरोबर सुभद्राची जागा. गुळगुळीत दगड रेघेच्या पलीकडे, तुटणाऱ्या भागात.

मी शेठकडे गेलो. "शेठ, ओटा राहू द्या. तिची जागा आहे ते."

शेठनी तागा गुंडाळता गुंडाळता वर पाहिलं. "रस्ता पुरा झाला पाह्यजे, किसन. तुले माहीत आहे काहून."

"दीड हातानं काय होते?"

"दोराभरानं झोप जाते मायी. दीड हाताचं मले सांगतं?" अन् म्हणाले, "गज खोटं बोलत नाही."

मी तोंडावर बोलणारा माणूस. म्हटलं, "गज नाही बोलत, पन मेंबर बोलते." चाळीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा मेंबर म्हटलं. शेठच म्हणायचो. शेठनी हातातला तागा चुकीच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. शेठ बाहेर आले, माझ्या ओट्यापाशी वाकले, खिशातून निळा खडू काढला अन् गुळगुळीत दगडावर फुली मारली. मोठी. एक हात टेकून, नीट, दोन रेघा. मग मान खाली घालून ऑफिसकडे निघून गेले.

माझा जीव जळला. लाल रेघ परक्या माणसानं मारली होती, ते समजू शकतो. ही फुली घरच्यानं मारली. शिंप्याला खडूचा अर्थ एकच, जिथं खडू तिथं कात्री. मी तोंडातलं पाणी थुंकलं अन् त्यांच्या पाठीमागून ओरडलो, "मेंबर! मयतीले लुगडं आनलं, अन् आता तिची बसाची जागा तोडता? कशाचे भाऊ तुमी?"

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पण पाय जरासा अडकला.

आठ दिवस मी बोललो नाही. कापड आणायला नदीपलीकडे जायचो. तिथं बरोबर मापात देतात, वरून काही नाही. शेठ रोज सकाळी गज घेऊन निघत, संध्याकाळी येत. दुकान अर्धा दिवस बंद राहायला लागलं. मला वाटलं, राजकारण अंगात भिनलं. लोक म्हणालेही, "किसनभाऊ, मानूस मेंबर झाला का कापडाचा राहत नाही." मी मान हलवली. आज त्या मान हलवण्याची लाज वाटते.

तोडायचा दिवस आला. जेसीबी मशीन गल्लीत घरघरत शिरली. मी ओट्यावर जाऊन मांडी घालून बसलो. सुभद्राच्या जागेवर, फुलीवर. गल्ली सगळी गोळा झाली. ठरवून टाकलं होतं की उठायचं नाही. तोडायचं तर मला धरून तोडा.

सोबत एक इंजिनिअर बाई होती, तरणी, हातात कागद. शेठ दुकानातून उतरले. गज हातात.

मी म्हटलं, "मेंबर, पाह्यलं का? तुमच्या फुलीवर बसलो."

शेठनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मशीनवाल्याला म्हणाले, "तोंड इकडं कर."

त्याला समजेना. शेठनी गजानं स्वतःचं दुकान दाखवलं. "या पायऱ्या. हा चौथरा. अन् हे पुढची भिंत, या रेघेपर्यंत."

तेव्हा मी पाहिलं. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर नवी लाल रेघ होती, अजून ओली. त्यांच्या दुकानात दगडी चौथरा होता. त्याच्यावर गादी, गादीवर शेठ, समोर गिऱ्हाईक. चाळीस वर्षांची बसायची जागा. ती सगळी रेघेच्या बाहेर. गादी गुंडाळून आत ठेवलेली होती.

इंजिनिअर बाई माझ्याजवळ आली. "काका, उतरा तुम्ही. तुमचा ओटा नाही तुटत. या टोकाला रस्त्याची रेघ समोर सरकवली आहे. मेंबरनी स्वतःची जागा लिहून दिली. काल सही झाली." मग हळूच म्हणाली, "आठ दिवस रोज येऊन बसायचे ऑफिसात. पहिल्या दिवशी मला म्हणाले, बाई तुमाले साडेचार मीटर, ओढणी धरून."

मला उतरताच येईना. बसूनच राहिलो. मशीननं समोरच्या पायऱ्या उचलल्या, चौथरा फोडला. शेठ बाजूला उभे राहून पाहत होते, जसं दुसऱ्या कोणाचं घर पडत आहे.

धूळ बसल्यावर त्यांनी गज काढला. त्यांच्या भिंतीपासून माझ्या ओट्यापर्यंत, वाकत, उठत, सगळा रस्ता मोजला. बाईनं टेप लावला. बाई म्हणाली, "मेंबर, थोडं जास्त तुटलं तुमचं."

"चार बोटं," शेठ म्हणाले. "रस्त्यालेबी वरून."

गल्ली हसली. हसता हसता पांगली. मी ओट्यावरून उतरून त्यांच्यापाशी गेलो. तोंडावर बोलणारा माणूस मी. शेवटी निघालं ते असं निघालं, "मंग आधी काहून नाही सांगतलं? आठ दिवस मी तुमाले शिव्या देऊन राहिलो!"

"सही झाली नव्हती. न आलेला माल कोनाले दाखवू?"

"अन् ते फुली?"

शेठ माझ्याकडे पाहत राहिले. डोळा बारीक केला, जसं माझंच माप घेत आहेत. "किसन, चाळीस वर्ष झाले माया दुकानात येऊन राहिला तू. निळी फुली म्हंजे काय?"

मला फळीवरचं जांभळं कापड दिसलं. हेडमास्तरीण दिसली. अमरावतीहून वापस आलेलं पार्सल दिसलं.

"राखून ठेवलेलं," मी म्हटलं.

"मंग?" म्हणाले, अन् पडलेल्या दगडांतून चांगले चांगले दगड वेगळे काढायला लागले.

मीही वाकून काढू लागलो. काढता काढता विचारलं, "कापड एकीकडून कमी पडलं का दुसरीकडून सोडा लागते, हे समजलं. पन तुमी स्वतःचा धंदा काहून अर्धा केला, शेठ? मी तर उद्या मरून जाईन. ओट्याचं काय?"

त्यांनी हातातला दगड खाली ठेवला. मग दुकानाकडे तोंड करून म्हणाले, "दुकानातून वर पाह्यलं का ओटा दिसते. चार वाजता आपोआप मान वर जाते मायी. कोनी नसते तिथं. पन जागा तर दिसते." अन् थोड्या वेळानं, "जागाच गेली तर मान कुठी वर करू?"

एका वर्षात मला एकदाही सुचलं नव्हतं की चार वाजता समोरच्या माणसालाही काही होत असेल. दुःख काय माझ्या एकट्याच्याच मापाचं शिवलं होतं?

घरात गेलो. स्टोव्हवर चहा टाकला. चहा मला जमत नाही, आधी साखर विसरलो, मग दोनदा टाकली. दोन कप घेऊन ओट्यावर आलो. चार वाजले की नाही माहीत नाही, माझ्याकडेही आता घड्याळ बंद पडलेलं आहे. समोर दुकानाला पायऱ्या नव्हत्या. शेठ खाली रस्त्यावर उभे राहून एका स्टुलानं चढता येते का पाहत होते.

'दादा' माझ्या तोंडातून निघेना. ते तिचं होतं. मी ओरडलो, "ओ साळेबुवा! चहा!"

शेठ जागच्या जागी थांबले. पाठमोरे होते. मग म्हणाले, "बोंबलू नोको बे. येऊन राहिलो."

गज त्यांनी दुकानातच ठेवला. नव्या मोकळ्या रस्त्यावरून आले, ओट्याच्या त्यांच्या नेहमीच्या टोकाला बसले. मी या टोकाला. एक घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं.

"लई गोड झाला काय?" मी विचारलं.

"साखर चार बोटं वरून हाये," म्हणाले. पण पुरा प्याले. कप विसळला अन् पालथा ठेवला.

मधात निळी फुली होती, तिच्यावर एका माणसापुरती जागा सुटली होती. दोघांनीही मोजली नाही.